काळ्या दगडाच्या पोटातले चांदणे

रत्नाविषयीची आपली कल्पना पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. रत्न एकटे असावे, निर्मळ असावे. त्यात डाग नसावा, चीर नसावी. त्याला पाणी असावे आणि पैलू पाडल्यावर त्याने प्रकाश आत घेऊन दुप्पट तेजाने परत द्यावा. जुन्या रत्नपरीक्षेची शास्त्रे बहुतांशी याच गुणदोषांची यादी करतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त बावीस रत्ने मोजली आणि त्यांत साध्या स्फटिकालाही जागा दिली, पण तो स्फटिक स्वच्छ आणि अखंड असावा, हे गृहीतच होते. आपल्या घरातली नथ, कुडी किंवा बुगडी पाहिली तरी हाच न्याय दिसतो. मोती गोल हवा, पाचू हिरवागार हवा, हिरकणी लहान असली तरी निर्दोष हवी.

गेल्या काही दशकांत मात्र या न्यायाला न जुमानणारा एक दगड दागिन्यांत शिरला आहे. त्याला पैलू नसतात आणि तो पारदर्शकही नसतो. एखाद्या चपट्या दगडावर बारीक खडीसाखर पसरून ती तिथेच गोठावी, तसा तो दिसतो. हात जरा हलला की शेकडो बारीक कण एकामागून एक चमकतात. एका लग्नसमारंभात एका मुलीच्या गळ्यात मी असे पदक पाहिले. चौकशी केली तेव्हा तिने त्याचे नाव ‘ड्रूझी’ असे सांगितले, आणि ते परदेशातून आणले आहे, हे जरा अभिमानाने सांगितले. ते पदक कुठे घडले होते कोण जाणे. पण तसल्या दगडाचे माहेर शोधायला मराठी माणसाने फार लांब जाण्याचे कारण नाही. ते आपल्या पायाखालीच आहे. हा लेख त्या माहेराविषयी आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. ‘ड्रूझ’ हा शब्द जर्मन भाषेतला. खडकातल्या पोकळीच्या भिंतीवर दाटीवाटीने उगवलेल्या लहान लहान स्फटिकांच्या थराला हे नाव आहे, आणि त्यावरून असा थर असलेल्या दगडाला ‘ड्रूझी’ म्हणू लागले. आपल्याकडे या वस्तूला असे वेगळे नाव नसले, तरी वस्तू ओळखीची आहे. ‘गार’ हा आपला शब्द मोठा बोलका आहे. आभाळातून पडते तीही गार आणि जमिनीत सापडतो तो पांढरा, काचेसारखा दगड, तीही गारच. तिचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा म्हणजे गारगोटी. चकमकीची ठिणगी पाडायला आजोबा-पणजोबांनी वापरली ती हीच. शास्त्रज्ञ ज्याला क्वार्ट्‌झ म्हणतात तो खनिज पदार्थ हा. शुद्ध आणि मोठा वाढला की आपण त्याला स्फटिक म्हणतो, जांभळा झाला की ॲमेथिस्ट, आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या सूक्ष्म कणांनी थरावर थर बसून तयार झाला की अकीक. सगळी एकाच कुळातली भावंडे.

आता हे कूळ आपल्या काळ्या कातळात आले कसे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचत गेले. आज उरलेला त्याचा विस्तारसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे म्हणजे त्या थरांच्याच कडा. उकळत्या पाकात बुडबुडे यावेत तसे त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते. वरचा भाग थंड होऊन घट्ट झाला तेव्हा पुष्कळ बुडबुडे बाहेर पडू शकले नाहीत. त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, काही नारळाएवढ्या, तर काहींत माणूस आत शिरून बसेल एवढ्या.

पुढचे काम पाण्याने केले. खडकातून झिरपणाऱ्या कोमट पाण्यात सिलिका विरघळलेली असते. हे पाणी पोकळीत आले की भिंतीवर तिचा पातळ लेप बसतो. मग दुसरा, मग तिसरा. हा झाला पट्टेदार अकीक. पुढे पाण्यातले सिलिकेचे प्रमाण उतरले आणि घडण सावकाश होऊ लागली की स्फटिकांना आकार घ्यायला सवड मिळते. भिंतीवर हजारो ठिकाणी एकाच वेळी त्यांचे कोंब फुटतात आणि सारे पोकळीच्या मध्याकडे वाढू लागतात. दाटी एवढी की कुणालाच मोठे होता येत नाही. प्रत्येकाचे फक्त टोक मोकळे राहते. त्या टोकाला निसर्गानेच पाडलेले पैलू असतात. म्हणजे माणूस सहाणेवर घासघासून जे करतो, ते इथे आधीच झालेले असते, आणि तेही हजार ठिकाणी.

या दगडाशी माणसाचा संबंध जडला तो दागिन्याच्या नव्हे, तर सुरीच्या रूपाने. नेवासे येथे डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या आणि जोर्वे संस्कृतीच्या इतर वस्त्यांतल्या लोकांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मिळ. रोजच्या कापाकापीला ते अकिकाच्या जातीच्या दगडाची बारीक धारदार पाती वापरीत. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. या दगडाचे मणी करण्याची कला तर त्याहूनही जुनी. सिंधुसंस्कृतीच्या कारागिरांनी केलेले लांबट तांबडे मणी पार मेसोपोटेमियातल्या उर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत.

महाराष्ट्राचे नाव या व्यापारात स्पष्टपणे नोंदले गेले ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात. ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेले एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचे प्रवासवृत्त आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, अशी नोंद तो करतो. आणि पैठणहून पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणावर गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असे सांगतो. पैठणी आणि नाथमहाराज यांच्यासाठी आपल्याला ठाऊक असलेले पैठण एके काळी रोमच्या बाजारात दगडांसाठी ठाऊक होते! गोदावरीच्या पात्रात आजही अकिकाचे गोटे सापडतात, आणि पैठण व तेर येथे सापडलेल्या मण्यांचे ढीग पाहिले म्हणजे त्या परक्या व्यापाऱ्याच्या शब्दाची खात्री पटते.

पण मणी करणाऱ्याला आपला हा चमचमता थर नको असे. त्याला भरीव गोटा हवा. गोटा फोडल्यावर आत पोकळी निघाली तर तो मणी होण्याच्या लायकीचा राहत नाही. भोक पाडताना तो फुटायचा. म्हणजे दोन हजार वर्षे ज्याला कारागीर खोट समजत आला, तीच खोट आज कोंदणात बसली आहे.

भडोचनंतर हा धंदा खंबायतच्या हाती एकवटला. नर्मदेच्या खोऱ्यात, भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणीतले गोटे तिथे येतात. हे रतनपूर बाबा घोर या हबशी संताचे ठिकाण. सिद्दी लोक आणि अकिकाचे कारागीर त्याला मानतात. खाणीतून निघताना दगड मळकट, पिवळसर असतो. तो उन्हात वाळवून, मडक्यात घालून शेणीच्या विस्तवात भाजतात. आतल्या लोहाचा रंग पालटतो आणि दगड तांबडालाल होतो. मग जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर गोटा टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारीत त्याला आकार देतात. लोखंडावर लोखंड मारले तर दगडाचा चुरा होईल. शिंग मऊ, म्हणून घाव नेमका बसतो. भोक पाडायला धनुकलीने फिरवायचा सामता, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या. ही रीत आजही जिवंत आहे. संशोधक जेव्हा सिंधुसंस्कृतीचे मणी कसे केले असतील याचा विचार करू लागले, तेव्हा ते खंबायतच्या ओसरीवरच येऊन बसले.

खंबायतला एक प्रतिस्पर्धी होता, हजारो कोस दूर. जर्मनीत नाहे नदीच्या काठी इदार आणि ओबरश्टाइन अशी दोन गावे आहेत. आता ती एकच नगर झाली आहेत. तिथल्या टेकड्यांतही जुना लाव्हा आणि त्यात अकीक. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पुरुषभर उंचीची वालुकाश्माची चाके आणि त्यांच्यासमोर लाकडी पाटावर पोटावर पालथे पडून, पायांनी मागे रेटा देत दगड चाकावर दाबणारे कारागीर, असे तिथले दृश्य. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या खाणी आटत आल्या. पोट भरेना, म्हणून माणसे गाव सोडून दक्षिण अमेरिकेत ब्राझीलला गेली. आणि दैव पाहा! १८२७च्या सुमारास तिथल्या रियो ग्रांदे दो सुल प्रांतात त्यांना अंगणातल्या दगडांत आपलाच ओळखीचा अकीक दिसला. गावी होता त्याहून मोठा, मुबलक. लवकरच ब्राझीलचे दगड जहाजांत भरून जर्मनीला येऊ लागले आणि मरू घातलेला धंदा पुन्हा उभा राहिला.

त्या ब्राझीलच्या गोट्यांच्या पोटांत जांभळ्या स्फटिकांनी भरलेल्या गुहाच्या गुहा होत्या. अशी एक प्रचंड जांभळी गुहा १९०२च्या ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनात मांडली होती. याच गावाच्या कारागिरांनी दगडाला साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात ठेवण्याची युक्ती वापरून त्याला काळा रंग आणला. आम्लाने आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो, एवढेच त्यातले रहस्य. खंबायतचे मणी शतकानुशतके अरबी व्यापाऱ्यांमार्फत आफ्रिकेत जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इदारच्या लोकांनी त्याच घाटाचे मणी यंत्रावर करून त्या बाजारात उतरवले. स्पर्धा दोन दरिद्री गावांची होती आणि ती बंदिस्त कारखान्याने जिंकली.

याच सुमाराला आपला सह्याद्रीही फोडला जात होता. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी बोरघाटातून चढवायची, म्हणून १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने काम सुरू केले. पंचवीस बोगदे, सुमारे अठराशे फूट चढ. १८६१ साली या कामावर बेचाळीस हजार माणसे होती. पटकी आणि तापाने त्यांतली कितीतरी घाटातच राहिली. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार इथे येताच मरण पावला, तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सांभाळून काम तडीस नेले. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला. सुरुंगांनी उडवलेल्या त्या कातळात अशा पोकळ्या निघाल्या की खनिजांचे जाणकार चकित झाले. गारेबरोबर ॲपोफिलाइट आणि झिओलाइट जातीची नाजूक खनिजे तिथे होती. पंख्यासारखी, सुयांच्या गुच्छासारखी, फिकट गुलाबी, पांढरी, हिरवट. झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव ठेवले, कारण तापवल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फसफसतो. बोरघाटातले उत्तम नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले आणि त्यांवर ‘पूना’ अशी चिठ्ठी लागली. ज्यांच्या सुरुंगांनी ते बाहेर आले, त्यांची नावे मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नाहीत.

ड्रूझ दागिन्यात कसा आला, याचे उत्तम उदाहरण रशियाच्या उरल पर्वतातले आहे. तिथे गर्द हिरव्या रंगाचा एक गार्नेट सापडतो. हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली त्याचे वर्णन केले आणि काउंट उवारोव्ह या विद्येच्या आश्रयदात्यावरून त्याला उवारोव्हाइट नाव दिले. रंग पाचूच्या तोडीचा. पण स्फटिक इतके बारीक की पैलू पाडण्याजोगा खडा जवळजवळ मिळतच नाही. मग करायचे काय? काळ्या खडकावर पसरलेली ती हिरवी साय तशीच, खडकासकट कापून कोंदणात बसवायची. दागिना घडवणाऱ्याने दगडाला आपल्या मनाप्रमाणे वाकवण्याऐवजी दगडाच्या मनाप्रमाणे वागायचे, हा विचार इथे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत परदेशी दागिने रचणाऱ्या कलावंतांनी तो उचलला आणि गारेचा साधा थरसुद्धा मानाला चढला.

घडण तशी सोपी वाटते. हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या करवतीने गोट्याच्या भिंतीची पातळ चकती काढायची, मागची बाजू सपाट करायची, कडा घासून आकार द्यायचा. चमकत्या बाजूला मात्र बोटही लावायचे नाही. कौशल्य आहे ते निवडीत. कण सारखे हवेत, दाट हवेत, मध्ये टक्कल नको. बाजारात मोरपिशी, सोनेरी, इंद्रधनुषी असे जे झगझगीत प्रकार दिसतात, त्यांचा रंग बहुधा दगडाचा नसतो. निर्वात पेटीत टायटेनियम किंवा सोन्यासारख्या धातूची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म थर गारेवर बसवतात. यात फसवणूक नाही, विकणाऱ्याने सांगितले तर. न सांगता विकले तर ती आहे. तेव्हा घेताना विचारावे. रंग वरचा असला तर तो घासला जाण्याचा संभव असतो. साधी गार टणक असते, टणकपणाच्या दहाच्या मापात ती सातवर. म्हणून पदकाला, कर्णफुलाला ती चांगली. ॲपोफिलाइट आणि झिओलाइट मऊ आणि ठिसूळ. ते अंगठीत घालू नयेत. कणांच्या फटीत साचलेली धूळ मऊ कुंचल्याने, साबणाच्या कोमट पाण्याने काढावी, एवढीच त्याची निगा.

आता आपल्या घरी परत येऊ. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींतले हिरवे ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. वाघोलीच्या खाणींत १९८०च्या दशकात गर्द निळ्या गोळ्यांच्या रूपाने कॅव्हन्साइट नावाचे खनिज मिळाले. त्याचा पहिला शोध अमेरिकेतल्या ओरेगनमधला, आणि नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून १९७३ साली ठेवलेले. पण त्याचे सर्वांत देखणे नमुने म्हणून मान मिळाला तो वाघोलीला. जळगाव, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या भागांतल्या खाणींचीही हीच ख्याती. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ याच नावाचे खनिजसंग्रहालय आहे. शाळेच्या सहलींनी ते आवर्जून पाहावे.

परंतु या खाणी रत्नांच्या नव्हेत; त्या खडीच्या आहेत. रस्त्याला आणि इमारतींना खडी लागते, म्हणून कातळ फोडायचा. त्यात पोकळी लागली तर लागली. सुरुंगाने आणि खडीच्या यंत्राने किती पोकळ्यांचा चुरा झाला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. खाणीवरच्या मजुराची नजर आता तयार झाली आहे. पोकळी दिसली की तो थबकतो, छिन्नीने हलक्या हाताने तुकडा सोडवतो, गवतात किंवा कागदात गुंडाळून ठेवतो. तो तुकडा हातोहात पुढे जातो आणि प्रत्येक हाताला किंमत वाढत जाते. सर्वांत कमी मोल येते ते पहिल्या हाताला. ही गोष्ट पैठणच्या गाडीवानापासून आजवर फारशी बदललेली दिसत नाही.

आणि एक गोष्ट, जी सणाच्या दिवशी सांगू नये असे वाटते, पण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जी सिलिका पदकावर चमकते, तीच घासताना धूळ होऊन उडते. ती डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन कायमची राहते. तिथे ती फुप्फुसाचा स्पंज हळूहळू कठीण करते; दम लागू लागतो आणि क्षयाला वाट मोकळी होते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो टाळता येतो. एकदा झाला की बरा करता येत नाही. इदारचे कारागीर याने गेले, आणि खंबायतचे कारागीर आजही यात सापडतात. तिथे घासण्याचे काम घराच्या ओसरीवरच चालते, म्हणून न घासणाऱ्या बायकामुलांनाही ती धूळ सोडत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी केली आणि धूळ जागच्या जागी ओढून घेणारे यंत्रही तयार केले. उपाय ठाऊक आहे: दगड ओला ठेवून घासणे, धूळ ओढून घेणे, तोंडावर नुसते फडके न बांधता योग्य मुखवटा वापरणे. अडते ते खर्चापाशी. नगावर मजुरी मिळवणाऱ्या माणसाला श्वास जपण्याचा खर्च झेपत नाही.

म्हणून मला वाटते, जुन्या रत्नपरीक्षेत आता एका नव्या गुणाची भर घालावी. रंग, पाणी, तेज यांच्याबरोबर सराफाला आणखी एक प्रश्न विचारावा: हा दगड कुणी घासला आणि कसा? एका गिऱ्हाइकाच्या विचारण्याने काही होत नाही, हे खरे. पण शंभरांनी विचारले तर दुकानदार व्यापाऱ्याला विचारील आणि व्यापाऱ्याला कारागिराच्या ओसरीपर्यंत जावे लागेल. इदारच्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी तसे विचारले नाही. आपण विचारू शकतो. दागिना आपल्या मुलीच्या गळ्यात घालताना तर विचारावेच.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळजण गडकोटांवर, घाटांत जातील. वाटेवर एखाद्या काळ्या दगडात खळगा दिसला आणि त्यात साखरेसारखे कण चमकले, तर मुलांना जवळ बोलावून दाखवा. तो उकरून काढू नका. बाहेर आला की त्याची भुकटी होते आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला रिकामा खळगा उरतो. फक्त दाखवा, आणि सांगा की हे सहा कोटी वर्षांपूर्वी अंधारात घडू लागले, पाण्याच्या थेंबाथेंबाने, आणि याच दगडांनी भरलेल्या गाड्या कधीकाळी पैठणहून निघून भडोचच्या वाटेला लागत होत्या.